खाटेएवढी जागा

संताजीभावजी देवमाणूस आहेत, असं सिमरोलात पुष्कळ जण म्हणायचे. म्हणायला काय जातं? देवमाणसाच्या घरात त्यांना थोडंच राहायचं होतं. मी भिंतीला भिंत लावून राहत होते, आणि गंगू तर आतच होती.

गंगू म्हणजे त्यांची बायको. माझ्याहून पुष्कळ लहान, मला जिजी म्हणायची. आमची दोन्ही घरं होळकरांच्या फौजेतली, वाडवडलांना इथं जमीन मिळाली तेव्हापासूनची. माझे हे आणि संताजीभावजी एकाच पलटणीतून बर्म्याच्या लढाईवर गेले. हे आलेच नाहीत. भावजी आले, पण डाव्या गुडघ्यात लोखंड घेऊन आणि गळ्यात क्रूस घालून. आसामातल्या इस्पितळात महिनोन्महिने पडले होते, तिथल्या सिस्टरांनी त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं. म्हणाले, आता मी प्रभूचा. फौजी माणूस, आधी महाराजांचा होता, मग प्रभूचा झाला. हुकूम म्हणजे हुकूम. गंगूला विचारलं का? कशाला विचारतील. तिच्याही डोक्यावर पाणी पडलं, तीही ख्रिस्ती झाली.

पण झाली ती मनापासून झाली हो. पहाटे जात्यावर बसली की ओव्यांच्या जागी ‘नमो मारिया’ म्हणायची. मला भिंतीतून ऐकू यायचं. मी आपली तुळशीला पाणी घालणारी बाई, पण मला त्या आवाजाची सवय झाली होती.

भावजी मग धर्मशिक्षक झाले. इंदूरहून फादर महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. बाकीचे दिवस भावजींनी आजूबाजूच्या खेड्यांत लंगडत हिंडायचं, ख्रिस्ती झालेल्या घरांना प्रार्थना शिकवायच्या, आजाऱ्यापाशी बसायचं, कोणी मेलं तर खड्डा खणायचा. काम काही वाईट नाही. पण ते हिंडायला गेले की शेत कोण करणार? गंगू करणार.

एकच लेकरू झालं त्यांना, बेबी. तीन वर्षांची असताना श्रावणात तापानं गेली. मीच तिला शेवटची आंघोळ घातली. अंग अजून गरम होतं. नाल्याला पूर आलेला, इंदूरच्या कबरस्तानात नेता येईना. गावच्या मसणवटीत क्रूस लावू द्यायला लोक तयार नव्हते. मग भावजींनी आपल्याच शेतात, नाल्याकाठच्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाजवळ खड्डा खणला. वर नाल्यातले गोल दगड रचले, बाभळीच्या दोन काठ्यांचा क्रूस ठोकला. क्रूस पुढं वाळवीनं खाल्ला, दगड राहिले. दर वर्षी त्यांच्या मृतांच्या दिवशी, दिवाळीच्या मागंपुढं, गंगू मडक्यात चुना कालवून न्यायची आणि एकेक दगड रंगवायची. खंडवा रस्त्यावरून येताना ते पांढरं लांबूनच दिसायचं. मोटारीतून उतरली की गंगू आधी तिकडं बघायची आणि मगच घराकडं वळायची.

आता तो जमिनीचा तुकडाच भांडणाचा होता. भावजींचा धाकटा भाऊ मालोजी, त्याचं शेत तुकड्याच्या अलीकडं आणि विहीर तुकड्याच्या पलीकडं. वाटणीत असं पाचर मारल्यासारखं होऊन बसलं होतं. मालोजीचं म्हणणं, हा मला द्या, माझ्या वरच्या शेतातला तेवढाच घ्या. गंगूचं म्हणणं, बाकी सगळं घ्या, महूपाशी हात लावायचा नाही. त्यातून वडील गेले, तर भावजींनी ना मिशी उतरवली ना पिंडाला हात लावला, मसणवटीबाहेर हात जोडून उभे राहिले. थोरल्याचं सगळं धाकट्यानं केलं. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली जात ही.

हे सगळं आधी सांगून टाकलं. आता त्या सालचं सांगते.

मध्य भारताचं राज्य होतं, चोपन्न साल. पाऊस उघडला होता, ज्वारी हुरड्याला यायची होती, तेव्हाची गोष्ट. फादर आले, अंगणात खाटेवर बसले. जर्मन मुलुखाचे, उंच, कान सदा उन्हानं लाल झालेले. मराठी त्यांना समजायचं, बोलायचे मात्र हिंदी. मी गंगूकडं ताक मागायला गेले होते, तिथंच उंबऱ्यात टेकले.

फादर म्हणाले की हे साल मारियामातेचं आहे, तेव्हा संताजी, तुमची इच्छा यंदा पुरी होईल. इच्छा म्हणजे काय, तर जन्मभराचं समर्पण. आठ डिसेंबरला मारियामातेचा सण, त्या दिवशी इंदूरच्या गिरज्यात सगळ्यांसमोर उभं राहून वचन द्यायचं की मी मरेपर्यंत ह्याच कामाचा. त्याच्या आधी तयारी. उपास, जपमाळ, जुन्या सगळ्या पापांची कबुली. आणि लग्नाचा माणूस असला तर वेदीपुढं बायकोलाही विचारणार. ती हो म्हणाली तरच.

“गंगूबाई, तुम से भी पूछूँगा मैं,” फादर हसून म्हणाले.

गंगूनं पदर सावरला. तिला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी विचारणार होतं.

मग फादरनी चहाचा पेला खाली ठेवला. “और भाई से? बात करते हो?”

भावजी पायाजवळची माती बघायला लागले.

“संताजी, मन में भाई का झगड़ा लेकर वेदी पर नहीं आते. पहले जाओ, मेल करो.”

“जी फादर,” भावजी म्हणाले. उभे राहून म्हणाले, हात मांड्यांना चिकटवून, साहेबापुढं उभे राहतात तसे.

तयारी सुरू झाली. पहाटे अंधारात उठून भावजी उघड्या जमिनीवर गुडघे टेकायचे. गुडघ्यातलं लोखंड दुखायचं. दातांवर दात दाबल्याचा आवाज भिंतीतून येतो म्हटलं तर कोणाला पटायचं नाही, पण मी ऐकलाय. एक वेळ भाकरी, तीही मिठाशिवाय. बोलणं जेवढ्यास तेवढं. गाल आत गेले, डोळे मोठे दिसायला लागले. खेड्यांतली फेरी मात्र चालूच.

आणि इकडं शेतात गव्हाच्या पेरणीची घाई. काळी जमीन, ओल असेपर्यंत औताचा बखर फिरला पाहिजे. ओल गेली की दगड. गंगू सकाळी पटेलांकडं कापूस वेचायला जायची, माझ्यासोबत. बोंडांनी बोटांची कातडी निघायची. दुपारनंतर गावाच्या दुसऱ्या अंगाच्या आपल्या शेतात जाऊन स्वतः बखर धरायची. बाईनं बखर धरलेला आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. पटेलांचा मुनीम रस्त्यावर उभा राहून ओरडला, “काय हो वहिनी, संताजीराव साधू झाले, आता मिशा तुम्ही ठेवणार का?” सोबतचे फिदीफिदी हसले. गंगूनं बैलाचं शेपूट पिळलं आणि बखरावर आणखी वजन टाकलं. संध्याकाळी तिच्या तळहाताला मी तेल-हळद लावली तर फोड फुटून पाणी आलेलं.

मी म्हटलं, “अगं, भावजींना सांग नं. देव काय एक महिना थांबणार नाही का?”

“राहू दे जिजी. एवढं एकदा होऊन जाऊ दे त्यांचं,” ती म्हणाली. “तिकडं आसामात मरायचेच होते. मग माझं काय झालं असतं?”

माझं जे झालं ते, हे ती बोलली नाही.

भावजी मालोजीकडं गेले ते मी विहिरीवरून पाहिलं. मालोजीच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मालोजीची बायको प्रेमलता दारात आली, आत गेली. मालोजी काही बाहेर आला नाही. अंधार पडेपर्यंत थोरला भाऊ धाकट्याच्या पायरीवर बसून होता. येणारे-जाणारे बघत होते. दुसऱ्या दिवशी परत तेच. कोणी तरी म्हणालं, “भिया, वरात यायची आहे का?” भावजींनी मान वर केली नाही. तिसऱ्या संध्याकाळी मालोजीच बाहेर आला, म्हणाला, “दादा, लोकांना तमाशा कशाला दाखवतोस? आत ये.”

आत काय झालं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. भावजी घरी आले ते एवढंच बोलले, “समेट झाला. मालू सणाला गिरज्यात येणार आहे. स्वतःच्या गाडीतून तुम्हाला घेऊन येणार आहे.”

गंगू एकदम रडायलाच लागली. त्या रात्री तिनं लापशी केली, मला वाटीभर आणून दिली. भावजींनी खाल्ली नाही, उपास होता. दुसऱ्या दिवशी ते झोळी घेऊन घाटाखालच्या खेड्यांकडं निघून गेले.

मृतांचा दिवस आला. गंगूनं आदल्या दिवशीच चुना भिजत घातला होता. कापूस वेचून आम्ही परतलो तशी ती मडकं आणि काथ्याचा कुंचा घेऊन निघाली. मला म्हणाली, चल की जिजी, तेवढेच पाय मोकळे होतील. दिवसभर वाकून कसले पाय मोकळे करायचे, पण गेले.

नाल्याची चढण चढून वर आलो आणि ती थांबली. मी मागं होते. म्हटलं, काटा लागला का? मी पुढं होऊन बघितलं तर महूच्या बुंध्याशी पांढरे दगड ढीग करून टाकलेले, आणि बाकी सगळं काळंभोर, सारखं, बखरलेलं. मालोजीच्या शेतापासून विहिरीपर्यंत एकच पट्टा. पेरणीसुद्धा झाली होती, पेरलेल्या रेघा दिसत होत्या.

गंगूनं मडकं खाली ठेवलं. पेरलेल्यात पाऊल टाकलं नाही. काही झालं तरी शेतकऱ्याची बाई, पेरलेलं तुडवत नाही. धुऱ्यावर, शेताच्या कडेला उभी राहून ती नुसती बघत होती, इथून बघ, तिथून बघ. मग म्हणाली, “जिजी, कुठं होती गं? महूपासून किती अंतरावर?”

मी काय सांगणार? दगड होते तेव्हा कोणी कशाला मोजायचं? मला तर बघवेना. मी तिला दंडाला धरून घरी आणलं. मडकंही मीच आणलं.

भावजी दुसऱ्या संध्याकाळी आले. मी मुद्दाम तिथंच बसून राहिले. मला कोणी जा म्हटलं नाही.

“महूपाशी बखर फिरलाय,” गंगू म्हणाली.

“हो. तुकडा मालूला दिला. वरचा आपल्याला आला.”

“मला बोलला नाहीत.”

“त्यानं मागितला, मी दिला. समेट असाच होत असतो.” भावजी पायातलं पायताण काढत होते, मान खालीच. “गंगू, बेबी तिथं नाही. आपण लोकांना काय शिकवतो? बेबी प्रभूपाशी आहे. तिथं नुसती माती होती.”

“मातीच होती तर मी सहा वर्षं चुना कशाला लावला? तुम्ही बघत होतात की.”

त्यांनी दुसरं पायताण काढलं.

“आणि मालूभावजींना एवढं तरी कळायला नको? लेकराची जागा. तेवढं सोडून बखर फिरवला असता तर त्यांचं काय पीक बुडणार होतं? राक्षस आहे तो माणूस,” गंगू म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा.

भावजींनी मान वर केली, काही बोलणार असं वाटलं. मग जपमाळ काढून कोपऱ्यात गेले आणि गुडघे टेकले. मी तेव्हा समजले की भावाची निंदा करायची नाही म्हणून गप्प बसले. माझंही डोकं तेवढंच चाललं.

मी घरी येऊन चूल पेटवली, पण माझा संताप काही जाईना. आपलं द्यायचं तर द्या हो, उपास करा, गुडघे फोडा, कोण अडवतंय? हे तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पोटात वाढवलं तिनं, दूध पाजलं तिनं, आणि दान केलं ह्यांनी.

पुढचा महिना त्या घरात आवाज नव्हता. जात्यावर गंगू बसायची, पण नुसता जात्याचाच आवाज. चुन्याचं मडकं दारामागं तसंच राहिलं, चुना आत दगडासारखा बसला. कापूस संपला, ज्वारी कापायला लागलो. तिला खोकला झाला, रात्री उठून बसायची, दिवसा कापणीला वाकायची. मालोजीचा गहू उगवून आला, हिरवी रेघ धरली. बाजूनं जाताना ती मान फिरवून जायची.

शेवटचे काही दिवस भावजींना इंदूरला फादरांच्याच इथं मौनात राहायचं होतं. निघताना त्यांनी विचारलं, “तू येशील नं?”

“येईन,” गंगू म्हणाली. “फादर मला विचारणार आहेत.”

सणाच्या आदल्या दुपारी मालोजी गाडी घेऊन दारात आला. गाडीत कडबा अंथरून वर सतरंजी घातली होती, बैलांच्या शिंगांना तेल लावलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता, खुशीत होता. प्रेमलतेनं तिळाच्या वड्या बांधून दिल्या होत्या. गंगू माझ्याआड बसली, त्याच्याकडं पाठ करून. इंदूरला स्नेहलतागंजात माझी भाची होती, तिथं रात्र काढून सकाळी गिरज्यात जायचं ठरलं होतं.

वाटेत एका विहिरीपाशी बैलांना पाणी दाखवायला गाडी सोडली. मालोजीनं वड्यांची पुडी पुढं केली. मी घेतली. गंगूनं हात पुढं केला नाही.

मालोजीनं पुडी गाडीच्या कडेला ठेवली. मग मला म्हणाला, म्हणजे मला उद्देशून पण तिला ऐकू जाईल असं, “जनाजिजी, वहिनींचा राग माझ्यावर आहे, मला दिसतंय. पण माझा कसूर काय? मी तर दादाला म्हटलं होतं, महूपाशी खाटेएवढी जागा सोडतो. बखर वळवून घेईन. माझीपण ती पुतणीच होती, मी काय तिच्या अंगावर बैल घालू? आई भवानीची शपथ, म्हटलं होतं.”

मी गंगूकडं बघितलं. ती वळली होती.

“मग?” ती म्हणाली. महिनाभरात त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

“दादा म्हणाला, नको. म्हणाला, द्यायचं तर पूर्ण द्यायचं, मागं काही ठेवलं तर ते देणं नाही. त्यांच्या तयारीत तसंच सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, वहिनींना विचार. म्हणाला, तिला मी समजावतो. दगड त्यानंच स्वतः उचलून महूखाली ठेवले, वहिनी. मी हात लावला नाही.”

बैल पाणी पीत होते. रस्त्यानं एक लारी धूळ उडवत गेली. गंगूनं पुडीतली एक वडी घेतली आणि हातात धरून बसली. खाल्ली नाही, पण घेतली. मालोजीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं जाऊन जू उचललं.

गाडी चालायला लागल्यावर मी हळूच म्हटलं, “गंगू, परत फिरायचं का?”

“नाही जिजी. मला विचारणार आहेत,” ती म्हणाली.

गिरज्यात मी पहिल्यांदाच गेले. चपला बाहेर काढल्या. गार होतं आत, मेणबत्त्यांचा वास. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मालोजी मागं खांबाशी टोपी हातात घेऊन उभा. भावजी पुढं, पांढरा लांब सदरा घालून. इतके वाळले होते की सदरा कुणा दुसऱ्याचा वाटत होता. पण तोंडावर तेज होतं, खोटं कशाला बोलू. असला आनंद मी त्यांच्या तोंडावर लग्नातही बघितला नव्हता. मला त्या घडीला त्यांची दया आली.

गाणी झाली, प्रार्थना झाल्या. मग फादरनी भावजींना पुढं बोलावलं आणि गंगूला खूण केली. ती उठून गेली. डोक्यावरून पदर, हात कापणीनं चिरलेले. भावजींच्या शेजारी उभी राहिली, मध्ये एक हात अंतर ठेवून.

फादर म्हणाले, “गंगूबाई, तुम्हारा पति आज अपने को पूरा देना चाहता है. तुम राज़ी हो?”

गंगूनं वर बघितलं.

“पूर्ण म्हणजे पूर्णच नं, फादर?” तिनं मराठीतच विचारलं. “मागं काही ठेवायचं नाही?”

फादर जरा हसले. “हाँ बेटी. पूरा.”

“मग घ्या. मी राजी आहे,” ती म्हणाली. “पण मग परत घरी पाठवू नका. ह्यांनी बेबीसाठी खाटेएवढी जागा ठेवली नाही. भाऊ ठेवतो म्हणत होता, ह्यांनी नको म्हटलं. तर ह्यांच्यासाठी माझ्याकडं तरी कशाला ठेवायची? सगळेच घ्या तुम्ही. मीपण पूर्ण देते.”

ओरडून नाही, रडून नाही. भाजीवालीशी बोलतो तशा आवाजात. पण गिरजा मोठा, भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

फादर हसायचे थांबले. “संताजी? ये क्या कहती है? कौन सी जगह?”

भावजींचे हात मांड्यांना चिकटलेले होते. फादरनी मग हळू आवाजात विचारलं, भावजींनी हळू आवाजात काही सांगितलं. मी पाहत होते, फादरचे लाल कान पांढरे पडत गेले. ते म्हणाले, आणि हे मी नीट ऐकलं, “मैंने तुम से तुम्हारा माँगा था. उसका नहीं माँगा था.”

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. लोकांकडं वळून म्हणाले की मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, पुढं चालू राहील, समर्पण आज होणार नाही. भावजींना खांद्याला धरून बाकावर बसवलं. भावजी बसले, तो गुडघा सरळ ठेवून. शेवटपर्यंत तसेच बसून होते.

परत येताना ते गाडीत बसले नाहीत. मालोजीनं दोनदा गाडी थांबवली, “दादा, ये, पाय दुखेल,” म्हटलं. त्यांनी मान हलवली. गाडीमागून धुळीत लंगडत येत राहिले. पांढरा सदरा काढायचा राहिलाच होता. हळूहळू मागं पडत गेले, मग वळणाआड दिसेनासे झाले. गंगूनं मागं बघितलं नाही. मी बघितलं.

सिमरोल आलं, अजून उजेड होता. घराकडं न वळता गंगू गाडीतून उतरून नाल्याच्या वाटेला लागली. मी मागं गेले. मालोजी धुऱ्यावर बैल धरून उभा राहिला. गहू वीतभर झाला होता.

“जाऊ का आत?” तिनं त्याला विचारलं.

“जा की वहिनी. तुडवलं तरी चालेल,” तो म्हणाला.

ती एकेक पाऊल दोन ओळींच्या मधून टाकत गेली. महूकडं तोंड करून चालायची, थांबायची, वाकून माती बघायची, परत सरकायची. खोकला आला की उभी राहायची. मी धुऱ्यावर बसले. मनात म्हटलं, काय सापडणार आहे वेडीला.

मग ती खाली बसली. मी उठून जवळ गेले. काळ्या मातीत बारीक बारीक पांढरे कण होते. चुन्याचे. सहा वर्षं दगडांवरून गळलेला, पावसानं खाली उतरलेला चुना बखरानं वर आणला होता. तेवढ्याच जागी. त्या जागेवरचा गहू जरा पिवळट होता, बाजूच्यापेक्षा बुटका. गंगू त्यावर तळहात ठेवून बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

दिवस बुडायला आला तेव्हा भावजी आले. मालोजीनं त्यांना हात दिला, तो त्यांनी धरला. धुऱ्यावरून खाली उतरले, पण पुढं यायला पाऊल उचलेना. चुन्याचे कण तिथून कोणाला दिसण्यासारखे नव्हते, सगळीकडं सारखंच हिरवं, कुठं पाय द्यावा ते त्यांना कळत नव्हतं. सदरा घामानं आणि धुळीनं अंगाला चिकटलेला.

“गंगू,” त्यांनी हाक मारली. आवाज बसला होता. “कुठं आहे ती? मला सापडत नाही गं.”

गंगूनं पदर सोडला आणि त्या पांढऱ्या कणांवर पसरला, पोरीला पांघरूण घालतात तसा. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं.

“दिलंत नं तुम्ही?” ती म्हणाली. “मग ज्याला दिलंत त्याला विचारा.”

भावजी मालोजीकडं वळले. मालोजी मान खाली घालून बैलांची दोरी सोडवत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं.